लाट उंच की लांब?



सोलापूर जिल्ह्यातल्या एका आजीबाईंचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. अक्षर नातीचे, पण बोलणे सगळे आजींचे. त्या लिहितात, "आमच्या गावची तीसएक माणसे मार्गशीर्षात रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेला निघाली आहेत. मी आणि माझी नात दोघी जाणार. लेक म्हणतो, आई, तिकडे त्सुनामी आली होती, पाण्याजवळ जाऊ नका. आता मला सांगा, समुद्राला लाट तर रोजच असते. मग ही निराळी कशी? नात म्हणते, त्सुनामी म्हणजे फार उंच लाट. मला काही ते पटत नाही. नुसत्या उंचीने एवढी माणसे कशी जातील?"

आजींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. पण प्रश्न असा नेमका विचारला आहे की, समुद्राकाठी जन्म काढलेल्यांनीही तो ऐकून घ्यावा. उत्तर पहिल्यांदाच सांगून टाकतो: आजी, तुमची शंका खरी आहे. त्सुनामी उंचीने मारत नाही, लांबीने मारते. आता हे लांबीचे प्रकरण काय आहे, ते सावकाश पाहू.

आधी साधी लाट समजून घेऊ. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या रानावरून वारा गेला म्हणजे कशी लाट उठते, ते तुम्ही शंभरदा पाहिले असेल. या बांधावरून निघालेली लाट त्या बांधापर्यंत पळत जाते. पण ताट काही पळत जात नाही. ते जागच्या जागी झुकते आणि पुन्हा उभे राहते. समुद्राच्या रोजच्या लाटेचे तसेच आहे. पाण्यावर नारळ टाकला तर तो वर-खाली होतो, थोडा पुढे-मागे होतो, पण लाटेबरोबर धावत सुटत नाही. धावते ती लाट, पाणी नव्हे.

ही रोजची लाट वाऱ्याची लेक. वारा पाण्याच्या पाठीवरून घासत जातो आणि तिला जन्म देतो. वारा मोठा, फार वेळ वाहणारा आणि फार लांबवरून येणारा असला, की लाट मोठी. वादळात दहा-पंधरा मीटर, म्हणजे पाच मजली घराएवढ्या लाटाही उठतात. पण कितीही थोर झाली तरी ती पाण्याच्या अंगावरची खळबळ. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत जेवढे अंतर, त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत तिचा जोर पोचतो. अंतर शंभर मीटर असेल तर पन्नास मीटर खाली पाणी जवळजवळ निवांत. वर तुफान चाललेले असताना पाणबुडी खोल जाऊन स्वस्थ राहते ती याच कारणाने.

त्सुनामी ही वाऱ्याची लेक नव्हे. ती जमिनीची लेक आहे.

समुद्राच्या तळाची जमीन कधीकधी एकाएकी उचलली जाते किंवा खचते. तिच्यावर दोन-चार किलोमीटर उंचीचे पाणी उभे असते. तळ हलला म्हणजे ते सगळेच्या सगळे पाणी, तळापासून माथ्यापर्यंत, ढकलले जाते. परातीत पाणी घ्या. वरून फुंकर मारा, तर बारीक तरंग उठतील. तीच परात खालून मुठीने ठोसा, तर पाणी काठावरून बाहेर येईल. फुंकर ती वाऱ्याची लाट, ठोसा ती त्सुनामी. ज्वालामुखी फुटून किंवा डोंगराचा कडा समुद्रात कोसळूनही त्सुनामी उठते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा छत्तीस हजारांवर माणसे गेली. त्यांतली बहुतेक अशा लाटांनी गेली. पण पुष्कळ वेळा कारण भूकंपाचेच.

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक भूकंपाला त्सुनामी येते काय? नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्या जिवावरून गेले. किल्लारीचा हादरा तर सोलापूर भागातही बसला. पण ते जमिनीवरचे. त्सुनामीला भूकंप समुद्राखाली लागतो, फार मोठा लागतो, आणि तळ वर-खाली सरकावा लागतो. नुसता आडवा घसरला तर पाणी फारसे उचलले जात नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळच्या समुद्रात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. साऱ्या किनाऱ्यांवर धावपळ उडाली. पण तळ आडवा सरकला होता, म्हणून लाट किरकोळ आली आणि निभावले.

२००४ साली तसे झाले नाही. २६ डिसेंबर, रविवार, मार्गशीर्षातली पौर्णिमा. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्राच्या तळाला थेट अंदमानच्या उत्तरेपर्यंत, हजार-बाराशे किलोमीटर लांबीचा तडा गेला आणि तळाची एक बाजू काही मीटर वर उचलली गेली. चौदा देशांतली सुमारे २ लाख ३० हजार माणसे त्या दिवशी गेली. आपल्या देशातली दहा हजारांवर. एकट्या तमिळनाडूतल्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर.

आता तिची चाल पाहा. खोल समुद्रात त्सुनामी विमानाच्या वेगाने जाते. पाणी चार किलोमीटर खोल असेल तर तासाला सुमारे सातशे किलोमीटर. भूकंपाच्या जागेपासून चेन्नई दोन हजार किलोमीटर. तिथे ती अडीच तासांत पोचली. आणि एवढ्या वेगाने जाणाऱ्या लाटेची भर समुद्रातली उंची किती असावी? त्या दिवशी योगायोगाने समुद्राची पातळी मोजणारे उपग्रह वरून जात होते. भूकंपानंतर दोन तासांनी त्यांनी मोजली तेव्हा ती सुमारे साठ सेंटिमीटर भरली. दोन फूट! तीही शेकडो किलोमीटर लांबीवर पसरलेली. वरून जाणाऱ्या जहाजाला कळणारसुद्धा नाही की, आपल्या पोटाखालून काही गेले.

त्सुनामी हा शब्द जपानी आहे. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. बंदरातली लाट. नाव असे का पडले, ते १८९६ च्या गोष्टीवरून ध्यानात येईल. त्या वर्षी १५ जूनला जपानच्या सान्रिकू किनाऱ्याचे कोळी रात्री भर समुद्रात मासेमारी करत होते. त्यांना काहीही जाणवले नाही. सकाळी नावा घेऊन परत आले, तर बंदर नाही, गाव नाही, घरची माणसे नाहीत. सुमारे बावीस हजार माणसे त्या एका रात्रीत गेली होती. जी लाट समुद्रात दिसली नाही, ती बंदरात दिसली.

दोन फुटांची लाट किनाऱ्याशी राक्षस कशी होते? साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग आठवा. माळावर गाड्या मोकळ्या चालतात, दोन गाड्यांत भरपूर अंतर असते. फाटकाशी चढ लागला की पुढची गाडी मंदावते. मागचीला ते ठाऊक नसते, ती आपल्या चालीनेच येते. अशाने फाटकापाशी गाड्यांची दाटी होते. लाटेचेही तेच. खोली कमी झाली की तिची चाल मंदावते. दहा मीटर खोलीला ती तासाला पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर येते. तोंड मंदावले, पण शेपूट अजून मागे खोल पाण्यात धावतेच आहे. मग मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि लाट फुगते. आणि मंदावली म्हणजे तिच्यापुढे पळता येईल, असेही नाही. छत्तीस किलोमीटरच्या चालीपुढे वाळूत धावणारा माणूस टिकत नाही.

आता आजींच्या शंकेचे मर्म. पोर्तुगाल देशात नाझारे नावाचे गाव आहे. तिथे हिवाळ्यात वाऱ्याच्या अजस्र लाटा येतात. २०२० साली तिथल्या सुमारे सव्वीस मीटर उंचीच्या लाटेवर एक जर्मन खेळाडू फळीवर उभा राहून घसरत आला आणि जिवंत राहिला. सव्वीस मीटर म्हणजे आठ-नऊ मजले. आणि नागपट्टणमच्या किनाऱ्यावर पाणी चढले ते साधारण चार-पाच मीटर. ज्या लाटेवर माणूस खेळला ती पाचपट उंच, आणि जिने हजारो घरे बुडवली ती एक मजल्याहून थोडी जास्त. असे का?

तुमच्या पिढीने मोटा पाहिल्या आहेत. मोट वर आली की थारोळ्यात भदाभदा पाणी ओतते. क्षणभर वाटते, थारोळे वाहून जाईल. पण मोट रिकामी होते, बैल मागे सरतात, पाणी पाटाने निघून जाते. वाऱ्याची लाट ही मोटेसारखी. कितीही उंच असली तरी दहा-पंधरा सेकंदांत तिचे पाणी संपते आणि मागे ओढले जाते. आणि ज्यांनी पाझर तलाव फुटलेला पाहिला आहे, त्यांना दुसरी गोष्ट ठाऊक आहे. तिथे पाणी ओतून थांबत नाही. येतच राहते. कमरेएवढेच असले तरी ते मागून रेटा देते, कारण सगळा तलाव त्याच्या पाठीशी उभा असतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात पाणी असेच चढत गेले. त्सुनामी म्हणजे ते. किनाऱ्याला लागल्यावर तिचे पाणी दहा मिनिटे, वीस मिनिटे, कधी अर्धा तास आत येतच राहते. तेवढ्याच जोराने ते परत फिरते आणि घरे, नावा, गुरे, माणसे ओढून नेते. कित्येकजण येत्या पाण्यातून वाचले आणि जात्या पाण्यात गेले.

म्हणून लाटांची ओळख उंचीवरून करू नका. वेळावरून करा. त्याचा एक घरगुती हिशेब सांगतो.

वाऱ्याची लाट: एक आली आणि दुसरी आली, यात दहा-पंधरा अंक मोजून होतात.

त्सुनामी: एक आली आणि दुसरी आली, यात चुलीवर भात शिजून होतो. कधी त्यावर वरणही होते. दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत.

भरती: ही सर्वांत लांब. ती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सव्वाबारा तासांहून थोडा जास्त वेळ. सकाळच्या भाकरीपासून रात्रीच्या भाकरीपर्यंत.

पुष्कळ लोक त्सुनामीला भरतीची लाट म्हणतात, ते चूक आहे. चंद्राचा तिच्याशी काही संबंध नाही. २००४ ला पौर्णिमा होती खरी, पण तो योग. आपल्या कोकणात अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. मुंबईला पावसाळ्यातल्या उधाणाला साडेचार मीटरहून जास्त पाणी चढते. म्हणजे नागपट्टणमएवढेच! पण ते चढायला सहा तास घेते, त्याची तारीख-वेळ आधी छापून येते, आणि किनाऱ्याची वस्ती तेवढी जागा सोडूनच बसलेली असते. सांगून येणारा पाहुणा आणि रात्री भिंत फोडून आत शिरणारा, दोघेही घरातच येतात. पण फरक आहे ना?

चौथी जात चक्रीवादळाच्या पाण्याची. वादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर ढकलून त्याचा ढीग करतो आणि ते तासन्‌तास आत शिरत राहते. हीसुद्धा लांब लाट, आणि हीसुद्धा तितकीच घातकी. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशात वादळाच्या पाण्याने किमान तीन लाख माणसे गेली. १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रातल्या दिवी सीमा भागात हजारो गेली. पण वादळ आकाशात दिसते. ढग येतात, वारा सुटतो, दोन-चार दिवस आधी रेडिओ सांगू लागतो. त्सुनामीला आभाळाची खूण नाही. २००४ ची ती सकाळ निरभ्र होती. कोळी जाळी सुकवत होते, मुले वाळूत खेळत होती, वेलंकणीला यात्रेकरूंची गर्दी होती.

आणखी एक जात केरळात आहे. तिकडचे कोळी तिला 'कळ्ळकडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. ऊन स्वच्छ पडलेले, वारा नाही, आणि एकाएकी मोठमोठ्या लाटा घरांत शिरू लागतात. त्या हजारो किलोमीटर दक्षिणेला झालेल्या वादळाच्या लाटा असतात, चालत चालत इथवर आलेल्या. नुकसान करतात, पण दोन लाटांमधला वेळ मोजला तर वीस अंकांच्या आसपासच. जात ओळखू येते.

आता सर्वांत महत्त्वाचे: खुणा.

पहिली खूण पायाखालची. किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा फार वेळ चाललेला भूकंप जाणवला, तर कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता उंचवट्याकडे चालू लागावे. पण भूकंप दूर झाला असेल तर ही खूण मिळत नाही.

दुसरी खूण समुद्राची. पाणी भलतेच मागे हटते. ओहोटीला सहा तास लागतात. हे चार-पाच मिनिटांत होते. तळाची वाळू उघडी पडते, मासे तडफडू लागतात. माणसाला वाटते, काय नवल आहे! पोरे शिंपले वेचायला धावतात. हेच नवल जीव घेते. लाटेला जसा माथा असतो तशी खोळही असते. खोळ आधी पोचली म्हणजे पाणी मागे ओढले जाते, आणि तिच्या पाठोपाठ माथा येतो. २००४ ला थायलंडमधल्या फुकेत बेटावर दहा वर्षांची एक इंग्रज मुलगी आईबापांबरोबर किनाऱ्यावर होती. दोनच आठवड्यांपूर्वी तिने शाळेत भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकली होती. पाण्याचा फेस आणि ओढ पाहून तिने आरडाओरडा केला, वडिलांनी ऐकले, पहारेकऱ्याला सांगितले, आणि तो सबंध किनारा वेळेत रिकामा झाला. एका धड्याने शंभरएक माणसे वाचली.

पण इथे एक गोम आहे, ती जरूर ध्यानात ठेवा. समुद्र नेहमीच आधी मागे हटतो असे नाही. त्या दिवशी तळाची पूर्वेकडची बाजू खचली आणि पश्चिमेकडची उचलली गेली. म्हणून थायलंडकडे आधी खोळ गेली, आणि आपल्याकडे व श्रीलंकेकडे आधी माथाच आला. आपल्या किनाऱ्यावर पाणी आधी चढले, मग हटले. हटल्यावर लोक आपली माणसे, आपले सामान शोधायला खाली उतरले, आणि दुसरी लाट त्यांच्यावर आली. तेव्हा तिसरी गोष्ट हीच: पहिली लाट शेवटची नसते आणि बहुधा सर्वांत मोठीही नसते. भात शिजण्याचा हिशेब आठवा. काही तास परत खाली उतरू नये.

हे झाले दूरचे. आपल्या महाराष्ट्राला याचे भय नाही, असे समजून चालू नका. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. साडेतीनला भूकंप, आणि सकाळी आठ वाजून गेल्यावर मुंबईला पाणी चढले, सुमारे दोन मीटर. वर्सोवा, हाजीअली भागांत माणसे वाहून गेली. मध्ये चार-पाच तास होते. पण सांगणारे कोणी नव्हते.

आज सांगणारे आहेत. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादला भारताचे त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. समुद्राच्या तळावर बसवलेली यंत्रे पाण्याचा भार मोजत असतात. वरून दोन फुटांची लाट दिसत नाही, पण तळाच्या यंत्राला वाढलेला भार कळतो. भूकंपानंतर काही मिनिटांत इशारा निघतो. पण इशारा हैदराबादहून निघून किनाऱ्यावरच्या म्हातारीच्या कानी पडेपर्यंत मधली साखळी माणसांचीच आहे. आणि भूकंप जवळ झाला तर तेवढा वेळही मिळत नाही. तिथे घरात सांगून ठेवलेले शब्दच उपयोगी पडतात.

त्याचे दोन दाखले देऊन पुरे करतो. सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचे बेट आहे. १९०७ साली तिथे त्सुनामीने गावेच्या गावे नेली. वाचलेल्या माणसांनी त्या आपत्तीला नाव ठेवले 'स्मोंग', आणि तिची गोष्ट गाण्यांत, अंगाईत गुंफली. जमीन जोरात हलली आणि समुद्र आटला, तर डोंगराकडे पळा, एवढाच तिचा सारांश. सत्त्याण्णव वर्षे आज्यांनी ती नातवंडांना सांगितली. २००४ चा भूकंप या बेटाच्या अगदी दाराशी झाला, दहाएक मिनिटांत पाणी आले. न वायरलेस, न भोंगा. लोक 'स्मोंग, स्मोंग' ओरडत डोंगरावर गेले. बेटावर सुमारे ७८ हजार वस्ती. दगावली सात माणसे. समोरच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर, जिथे ही गोष्ट कुणी सांगत नव्हते, तिथे लाखाहून अधिक गेली.

दुसरा दाखला शेतकऱ्यांचा. जपानात हिरो नावाच्या गावी हामागुची गोर्यो नावाचे एक सधन गृहस्थ राहत. १८५४ च्या डिसेंबरात मोठा भूकंप झाला आणि संध्याकाळी समुद्र चढू लागला. अंधार पडलेला, लोकांना टेकडीची वाट दिसेना. गोर्यो यांनी कापणीनंतर रचून ठेवलेल्या भाताच्या गंजी पेटवल्या. त्या उजेडाच्या रोखाने माणसे उंचावरच्या देवळापर्यंत पोचली आणि वाचली. गंजी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. पण खरे मोठेपण पुढचे आहे. गाव उजाड झाले होते, लोक गाव सोडायच्या बेतात होते. गोर्यो यांनी पदरचा पैसा घालून किनाऱ्याला सुमारे सहाशे मीटर लांब आणि पाच मीटर उंच बांध घातला. मजुरी गावकऱ्यांना दिली. चार वर्षे हाताला काम मिळाले, गाव टिकले. १९४६ ला पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा त्या बांधाने गावाचा बराचसा भाग राखला. जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे ती गंजी पेटवल्याची तिथी अकराव्या महिन्याची पाचवी. म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा त्सुनामी जागृतीचा दिवस ठरवला आहे.

समुद्र ओसरल्यावरही शेतकऱ्याचे दुखणे राहते, तेही सांगितले पाहिजे. नागपट्टणमच्या भातशेतीत खारे पाणी आणि वाळूमिश्रित गाळ बसला. पुष्कळांना वाटले, आता पिढीभर रान उगवणार नाही. पण लोकांनी गाळ काढला, बांध बांधून गोडे पाणी कोंडले आणि चर काढून ते खारासकट सोडून दिले, गरज तिथे जिप्सम टाकले, धैंचा पेरून हिरवाच गाडला. पुढच्या पावसांनी खार धुऊन नेला आणि रान पुन्हा भाताला आले. आपल्या ऊसपट्ट्यात अति पाण्याने चोपण झालेल्या जमिनींनाही जवळपास हेच उपाय आहेत. पण तो विषय पुढच्या खेपेला.

आता आजी, तुमच्यासाठी. यात्रेला खुशाल जा. त्सुनामी ही रोजची गोष्ट नव्हे. पिढीतून एखाद्या वेळी येणारी आहे. तिच्या भयाने रामेश्वर सोडू नये. सेतूचे दर्शन घ्या, समुद्रात पाय बुडवा. रोजच्या लाटेलाही मान द्या, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. दरवर्षी यात्रेकरू बुडतात ते त्सुनामीने नव्हे, साध्या लाटेने. फक्त पोचल्यावर एकदा मागे वळून पाहून ठेवा की, जवळचा उंचवटा किंवा पक्की माडी कुठे आहे. आणि पाणी भलत्या वेळी भलतेच हटले, किंवा भलत्या वेळी चढू लागले, तर नातीचा हात धरा, ओरडून सोबत्यांना सांगा आणि चालू लागा. चपला, पिशव्या, फोटो काही नको.

आणि नातीला सांगा की, तिचे उत्तर अर्धे बरोबर होते. त्सुनामी किनाऱ्याला उंच होते, हे खरे. पण ती ओळखायची असते लांबीवरून. सिमेउलुएच्या आज्यांनी आपल्या नातवंडांना सांगितले तसे तुम्ही तिला सांगा. ती पुढे तिच्या नातीला सांगेल. ज्या गावाला समुद्र नाही, तिथल्या पोरीही उद्या लग्न होऊन, नोकरी लागून समुद्राकाठी जातात.

यात्रा सुखरूप करून या, आणि समुद्र कसा दिसला, ते मात्र पत्राने कळवा.